मनाचे शास्त्र आणि गुणांची मोजपट्टी

दहावीचा निकाल हाती पडला, की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांतून पुढे आठ-पंधरा दिवस एकच चर्चा चालते. मुलाने शास्त्र शाखेला जावे की वाणिज्य घ्यावे, पदवीपूर्व महाविद्यालयात नाव घालावे की केंद्रीय मंडळाच्या शाळेत, यावर घरातील थोरामोठ्यांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सर्वांचे मत पडते. आमची शाळा सरकारी, मराठी माध्यमाची आणि दहावीपर्यंतचीच. पुढचे विषय आम्ही शिकवीत नाही. तरीही जुन्या ओळखीने पालक सल्ला विचारावयास येतात. अलीकडे या चर्चेत ‘मानसशास्त्र’ हे नाव वरचेवर कानी पडू लागले आहे, आणि त्यासंबंधी दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला : “सर, या विषयात गुण हमखास पडतात म्हणतात, खरे का?” दुसरा, थोडा आवाज खाली आणून : “हे वेड्यांचे शास्त्र ना? मुलीने ते कशाला शिकावे?”

आम्ही मराठीचे विद्यार्थी. मानसशास्त्रातील अधिकारी पुरुष असल्याचा आव आम्ही आणीत नाही. परंतु उत्तरपत्रिका तपासण्यात तीस वर्षे गेली आणि आमच्या हाताखालून गेलेल्या मुलांची अकरावी-बारावीची पुस्तके आम्ही आवडीने वाचीत आलो. त्या वाचनातून एक गोष्ट मनावर ठसली. या विषयात विद्यार्थ्याकडून काय अपेक्षिले जाते आणि त्याला गुण कशाचे मिळतात, हे ना पालकांना ठाऊक असते, ना पुष्कळदा खुद्द विद्यार्थ्याला. ज्या शास्त्राने मोजमापाचाच एवढा विचार केला, त्याच शास्त्राच्या वर्गात मोजमापाविषयी असा अंधार असावा, हे आम्हांस विचार करण्याजोगे वाटते.

उदाहरणादाखल केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा अभ्यासक्रम घेऊ. या मंडळाच्या यादीत मानसशास्त्राचा क्रमांक ०३७ आहे. शंभर गुणांपैकी ७० लेखी परीक्षेचे आणि ३० प्रात्यक्षिकाचे. अकरावीत शास्त्राची ओळख, संशोधनाच्या पद्धती, मानवी विकास, अवधान आणि संवेदन, अध्ययन, स्मृती, विचार, प्रेरणा व भावना अशी प्रकरणे येतात. बारावीत बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व, ताणतणावांना सामोरे जाणे, मानसिक विकार, उपचारपद्धती, अभिवृत्ती आणि समूहाचा प्रभाव असा क्रम आहे. म्हणजे ज्याला आपण ‘वेड्यांचे शास्त्र’ म्हणतो, तो भाग दोन वर्षांत मिळून एक-दोन प्रकरणांचा! बाकी सारे शास्त्र तुमच्याआमच्या रोजच्या वागण्याचे आहे.

प्रात्यक्षिकाच्या ३० गुणांची वाटणीही मंडळाने करून दिली आहे. नोंदवहीला १० गुण. तिच्यात अकरावीला प्रकल्पाचा आणि बारावीला व्यक्तिवृत्ताचा समावेश असतो. तोंडी परीक्षेला ५. उरलेले १५ प्रत्यक्ष प्रयोगाचे. त्यांपैकी प्रयोग करून दाखविण्याचे ५ आणि त्याचा अहवाल लिहिण्याचे १०. सुज्ञ वाचकांनी या शेवटच्या वाटणीकडे नीट पाहावे. हाताने केलेल्या कामापेक्षा त्या कामाविषयी लिहिलेल्या शब्दांना दुप्पट मोल आहे. बारावीत उत्तीर्ण होण्यासाठी लेखी आणि प्रात्यक्षिक या दोहोंत स्वतंत्रपणे ३३ टक्के गुण लागतात. एकाची तूट दुसऱ्याने भरून निघत नाही.

आता अपेक्षांचा विचार करू. पहिली अपेक्षा भाषेची. भौतिकशास्त्रातले शब्द विद्यार्थ्याला नवे असतात, म्हणून तो ते जपून वापरतो. मानसशास्त्रातले शब्द घरचेच असतात, आणि तेथेच पाय घसरतो. भीती आणि चिंता हे शब्द आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो. परंतु वाघ समोर उभा राहिला असता वाटते ती भीती, आणि वाघाचा पत्ता नसताना जीव खालीवर होतो ती चिंता, हा भेद या विषयात राखावाच लागतो. दुसरे उदाहरण स्वयंपाकघराच्या दारातले. आई सारखी कटकट करीत असते. मुलगा पुस्तक उघडतो, कटकट थांबते. दुसऱ्या दिवसापासून कटकट सुरू झाली रे झाली, की तो पुस्तक उघडून बसतो. याला काय म्हणावे? दहांतील बहुतेक मुले ‘शिक्षा’ असे लिहितील. वस्तुतः हे ‘नकारात्मक प्रबलन’ होय. नकोशी गोष्ट दूर झाल्यामुळे वर्तन वाढले, तर ते प्रबलन. शिक्षेने वर्तन घटते. व्याख्या घोकून हा प्रश्न सुटत नाही. प्रसंग वाचून त्यातले तत्त्व ओळखावे लागते, आणि लेखी परीक्षेतला कस लागतो तो येथेच.

आमच्या मराठी माध्यमाच्या मुलांना यात इंग्रजीची अडचण दुहेरी होते. त्यांच्या पालकांस आमचे एक सांगणे आहे. महाराष्ट्रात बालभारतीने अकरावी-बारावीची मानसशास्त्राची पुस्तके मराठीतही काढली आहेत. अभ्यासक्रम तोच नसला, तरी वेदन, संवेदन, अवधान, अभिवृत्ती हे शब्द त्यांत समजावून दिलेले सापडतात. इंग्रजी पुस्तकाशेजारी ते ठेवावे. संकल्पना मातृभाषेत एकदा पक्की झाली, की परकी भाषा नुसता पोशाख उरते.

दुसरी अपेक्षा पद्धतीची. हे शास्त्र ‘मला असे वाटते’ यावर उभे नाही. जर्मनीत लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून मनाचा अभ्यासही प्रयोगाच्या वाटेने चालू लागला. पुढे १८८५ साली हेर्मान एबिंगहाउस यांनी स्मृतीवरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांनी कित्येक निरर्थक शब्दांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, आणि किती वेळाने किती विसरले जाते, याच्या नोंदी ठेवल्या. शाळेतला साधा प्रयोगही याच कुळातला. अर्थपूर्ण शब्दांची एक यादी, निरर्थक अक्षरगटांची दुसरी यादी. एका माणसाला दोन्ही पाठ करावयास द्यायच्या आणि किती आठवते ते मोजायचे. ज्याच्यावर प्रयोग करावयाचा, त्याला ‘प्रयुक्त’ म्हणतात. अर्थपूर्ण शब्द अधिक आठवतील, असा अभ्युपगम आधी मांडायचा आणि मग निष्कर्ष लिहायचा.

याच प्रयोगाची एक हकीकत येथे सांगावीशी वाटते. आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेल्या एका मुलीने या प्रयोगासाठी आपल्या आजोबांना प्रयुक्त म्हणून बसविले. आजोबा जुन्या वळणाचे, लहानपणी गुरुगृही बसून संथा घेतलेले. त्यांनी निरर्थक अक्षरगटांची यादी मिळताच ती सुरावर घेतली, दोन-दोन गट जोडून पुढेमागे घोळवली, आणि अर्थपूर्ण शब्दांइतकीच, किंबहुना एक-दोनाने अधिक, बिनचूक म्हणून दाखविली. मुलीने जसे घडले तसे वहीत लिहिले. वही परत आली ती ‘निष्कर्ष चुकीचा, पुन्हा लिहावे’ अशा लाल शेऱ्यासह. मैत्रिणींनी शहाणपणाचा सल्ला दिला. तिने आकडे बदलले, आजोबांना पुस्तकातल्याप्रमाणे विसरावयास लावले, आणि तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

शाळा कोणती, शिक्षक कोण, याला महत्त्व नाही. असे अनेक ठिकाणी घडते. विचार करावा तो असा, की त्या वहीत त्या वर्षातील सर्वांत मोलाची नोंद होती. अर्थ नसला, तरी लय आणि जुळणी यांच्या आधाराने स्मृती तरते. पाठांतराच्या जुन्या पद्धतीने घडलेली स्मरणशक्ती साध्या यादीला वेगळ्याच रीतीने पकडते. एका प्रयुक्तावरून शास्त्राचा नियम बदलत नाही, हे खरे. परंतु ‘अभ्युपगम खरा ठरला नाही; संभाव्य कारण असे’ हे वाक्य लिहिणारी विद्यार्थिनी शास्त्र शिकली होती. गुण मात्र मिळाले ते शास्त्र विसरल्याबद्दल. अहवालाचे दहा गुण निष्कर्ष पुस्तकाशी जुळण्याला द्यायचे, की केलेल्या कामाच्या खऱ्या आणि नेटक्या नोंदीला, हा प्रश्न दिसतो लहान. पण सोळा-सतरा वर्षांचे मूल त्यातून आयुष्यभराचा धडा घेऊन जाते.

गुणांविषयी आपल्या समाजात एक भाबडी श्रद्धा आहे. ७२ म्हणजे ७२. जणू तराजूत तोलून दिलेले! या श्रद्धेला अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी मोठा धक्का दिला. १९१२ साली त्यांनी इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती अनेक शाळांत पाठवून तपासून घेतल्या, तेव्हा एकाच उत्तरपत्रिकेला कोणी साठीतले, तर कोणी नव्वदीतले गुण दिले. ‘भाषेचा विषय, चालायचेच’ असा आक्षेप निघाला. म्हणून १९१३ साली त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडे धाडली. गुण आले २८ पासून ९५ पर्यंत! कोणी रीत पाहिली, कोणी फक्त उत्तर, कोणी आकृतीचा नीटनेटकेपणा. कशाचे किती गुण, हे आधी ठरलेले नसले, म्हणजे तपासणारा आपली आवडनिवड मोजीत बसतो.

१९२० साली एडवर्ड थॉर्नडाइक यांनी आणखी एक खोड दाखवून दिली. सैन्यातील अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांचे शरीर, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य यांचे वेगवेगळे मूल्यमापन करीत; पण एका बाबतीत चांगला वाटलेला मनुष्य सगळ्याच बाबतीत चांगला ठरे. याला इंग्रजीत ‘हेलो इफेक्ट’, म्हणजे प्रभावळीचा परिणाम, असे नाव पडले. वळणदार अक्षर, स्वच्छ गणवेश, परिचित आडनाव यांची प्रभावळ उत्तराभोवती कशी पसरते, हे शिक्षकी पेशातल्या कोणालाही सांगावयास नको. मुलांना हे प्रकरण शिकवायचे आणि त्याच आठवड्यात प्रभावळ पाहून नोंदवह्या तपासायच्या, याला काय म्हणावे?

आता श्रेणीचे पाहू. केंद्रीय मंडळाच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर गुणांशेजारी श्रेणीही असते. पुष्कळ पालकांची समजूत अशी, की ९१ च्या पुढे ए-१. तसे नाही. त्या विषयात उत्तीर्ण झालेल्या सर्व विद्यार्थ्यांना गुणानुक्रमे लावून आठ भाग करतात. पहिल्या अष्टमांशाला ए-१, दुसऱ्याला ए-२, असे करीत डी-२ पर्यंत. म्हणजे गुण सांगतात, तुम्ही किती लिहिले. श्रेणी सांगते, इतरांच्या रांगेत तुम्ही कुठे उभे आहात. एखाद्या वर्षी सर्वांनाच भरघोस गुण पडले, तर तुमचे चांगले गुण असूनही श्रेणी उतरेल. दोन्ही आकडे खरे, पण दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. हे न समजल्यामुळे घरोघरी विनाकारण अश्रू गाळले जातात.

आणि गंमत अशी, की हाच भेद बारावीच्या मानसशास्त्रात बुद्धिमत्ता-चाचण्यांच्या निमित्ताने शिकवला जातो. चाचणीतला नुसता गुणांक मुका असतो. त्याला बोलते करतात ती मानके, म्हणजे त्याच वयाच्या, त्याच भाषेच्या पुष्कळ मुलांचे गुण. आल्फ्रेद बिने आणि सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये चाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना साहाय्य कोणाला हवे हे ओळखण्यासाठी; मुलांवर शिक्के मारण्यासाठी नव्हे. ती परदेशी चाचणी आपल्या मुलांना जशीच्या तशी लावणे हा अन्याय आहे, हे ओळखून आमच्या शेजारच्या धारवाडात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती कन्नड आणि मराठी मुलांसाठी जुळवून घेतली, आणि १९४० साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘बिने-कामत चाचणी’ हे नाव पुढे अनेक दशके देशभर चालले. दोन भाषांच्या सरहद्दीवर बसून एका शिक्षणतज्ज्ञाने मोजपट्टी मुलाच्या भाषेला जुळवली. मुलाला मोजपट्टीसाठी कापले नाही. सीमाभागातील आम्हां मराठी-कन्नड शिक्षकांना याचा अभिमान वाटावा.

मग वर्गातील गुणदानाचे धोरण असावे तरी कसे? आमच्या मते त्याची सूत्रे फार अवघड नाहीत.

वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात शिक्षकाने एक कागद विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा आणि पालकांनाही दाखवावा. कोणत्या कामाला किती गुण, चांगला अहवाल म्हणजे काय, वही कोणत्या तारखेला द्यावयाची, उशीर झाल्यास काय होईल, हे सारे त्यात स्पष्ट असावे. उशिराबद्दल थोडे गुण वजा करावयाचे, तर तेही आधी सांगून, सर्वांना सारखे; आणि घरात आजारपण अथवा दुःखद प्रसंग घडला असता सवलत कशी मिळेल, हेही लिहून ठेवावे. नियम आधी सांगितला, म्हणजे तो नियम. नंतर सांगितला, की ती मर्जी होते.

दर पंधरवड्याला लहानशी चाचणी असावी. तिचे गुण अल्प असावेत, पण ती चुकू नये. याला आधारही या शास्त्राचाच आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना दोन उतारे दिले. एक उतारा त्यांनी पुन्हा वाचला, दुसरा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचलेला उतारा अधिक आठवला : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर मात्र पारडे फिरले. आठवून लिहिलेल्यातले ५६ टक्के ध्यानात उरले होते, पुन्हा वाचलेल्यातले ४२. आदल्या रात्री जागून केलेली घोकंपट्टी का विरते, याचे उत्तर येथे आहे. चाचणी ही पकडण्याची सापळी नसून स्मृतीची तालीम आहे, असे समजले, की मुले तिला भीत नाहीत.

तपासलेली वही परत करताना शेरा आधी द्यावा, गुण मागाहून. १९८८ साली रूथ बटलर यांनी इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासात, ज्यांना केवळ शेरे मिळाले त्यांचे पुढील काम सुधारले; ज्यांना नुसते गुण, किंवा गुण आणि शेरा एकत्र मिळाले, त्यांचे तसे सुधारले नाही. आकडा दिसला, की डोळे शेऱ्यापर्यंत जातच नाहीत, हा आपला नेहमीचा अनुभव.

प्रात्यक्षिकाचे ३० गुण देवळातल्या प्रसादासारखे सर्वांच्या ओंजळीत सारखे घालू नयेत. मागच्या वर्षीच्या विद्यार्थिनीची वही उतरवून काढणाऱ्याला आणि चार घरांचे उंबरे झिजवून प्रयुक्त मिळवणाऱ्याला तेच २९ गुण मिळाले, तर पुढच्या वर्षी कोणीही उंबरे झिजवणार नाही. पालकांना हे औदार्य गोड वाटते. पण त्यात प्रामाणिक मुलाचे मोल कमी होते.

शेवटचे सूत्र आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. गुण कामाचे असावेत, मनाचे कधीही नसावेत. बारावीला प्रत्येकाने एक व्यक्तिवृत्त लिहावयाचे असते; शिवाय बुद्धिमत्ता, चिंता, समायोजन, स्वप्रतिमा यांच्या चाचण्या घ्यावयाच्या असतात. त्या वहीत एखाद्या घरचे दुःख, एखाद्या मैत्रिणीची व्यथा उतरते. प्रयुक्ताची परवानगी घेतली का, खरे नाव लपविले का, मिळालेली माहिती चारचौघांत बोलून दाखवली नाही ना, याला गुण असावेत. स्वतःचे खाजगी जीवन उघडे करण्यास कोणा विद्यार्थ्याला भाग पाडू नये, आणि उघडे केले म्हणून जादा गुणही देऊ नयेत. चाचणीत कोणाला चिंतेचे गुण अधिक मिळाले, तर ते वर्गात मोठ्याने वाचणे हा शिक्षणाचा नव्हे, तर चव्हाट्याचा प्रकार झाला. शाळेतल्या चाचणीने कोणाला रोगी ठरवता येत नाही; बारावीचे मानसशास्त्र शिकून कोणी वैद्य किंवा समुपदेशकही होत नाही. आजी चष्मा विसरली, की तिला स्मृतिभ्रंश झाला, आणि काका रागावले, की त्यांना विकार जडला, असे निदान घरी सुरू झाले तर मुलाला प्रेमाने थांबवावे.

मात्र विकारांचे प्रकरण वाचताना एखादे मूल गप्प झाले, झोप उडाली, ‘यातले पुष्कळ माझ्यातच आहे’ असे म्हणू लागले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. बहुधा ते वाचनाचे सावट असते, पण कधी ते खरेही असते. अशा वेळी शिक्षकाशी बोलावे, वैद्यांचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीसेवा सुरू केली असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. घरातल्या दिनदर्शिकेवर तो लिहून ठेवण्यात कमीपणा नाही.

पालकहो, तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आता तुमची तुम्हांस मिळाली असतील. गुण पडतात, पण ते शब्दांच्या काटेकोरपणाला, प्रयोगाच्या चिकाटीला आणि खऱ्या नोंदीला पडावेत, असा आग्रह आपण धरला पाहिजे. आणि हे शास्त्र वेड्यांचे म्हणावे, तर आपण सारेच त्याचे विषय आहोत. मुलगी शब्दांची यादी घेऊन तुमच्यापुढे बसली, तर ‘मला वेळ नाही’ म्हणू नका. दहा मिनिटे तिचे प्रयुक्त व्हा. तुम्हांला आठवले तेवढेच सांगा, आणि तिला ते तसेच लिहू द्या. गुण किती मिळाले, हे विचारण्यापूर्वी तिला एवढे विचारा : “काय आढळले ग तुला?” ज्या घरात हा प्रश्न आधी विचारला जातो, तेथील मुलांची गुणपत्रिका आम्हांला न पाहताही भरवशाची वाटते.